धावपट्टीत रुतवलेले दिवे : चाकाखालच्या प्रकाशाचे शास्त्र

सोलापूर : होटगी रस्त्यावरील विमानतळाचा विषय निघाला की सोलापूरकराच्या डोळ्यांसमोर आधी चिमणी उभी राहते. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ती चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे विमानतळाचे उद्घाटन केले. ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. आकाशातील अडथळ्यावर शहराने वर्षानुवर्षे वाद घातला. मोर्चे निघाले, न्यायालयाच्या पायऱ्या झिजल्या. त्या मानाने जमिनीवर, किंबहुना जमिनीच्या आत, काय असावे लागते याची चर्चा फारशी झाली नाही. रात्रीच्या उड्डाणांची गोष्ट निघाली की ‘दिवे बसवले की झाले’ असे सहज बोलले जाते. परंतु विमानतळावरील दिवा ही रस्त्यावरच्या खांबावरील दिव्यासारखी वस्तू नव्हे. त्यातील काही दिव्यांवरून तर विमानाचे चाक थेट धावत जाते. असा दिवा फुटू नये, उखडू नये, टायर जाळू नये आणि तरीही वैमानिकाला कित्येक मीटर अंतरावरून स्पष्ट दिसावा, यासाठी अभियांत्रिकीची एक स्वतंत्र शाखाच विकसित झाली आहे.

विमानतळाच्या जमिनीवरील दिव्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार जमिनीपासून थोडा वर उभा असलेल्या दिव्यांचा. धावपट्टीच्या दोन्ही कडांना ओळीने दिसणारे पांढरे दिवे बहुधा या प्रकारचे असतात. त्यांच्यातील अंतर साठ मीटरपेक्षा अधिक नसावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्या हिशेबाने सुमारे दोन किलोमीटरच्या धावपट्टीला दोन्ही कडांचे मिळून सत्तरच्या आसपास दिवे लागतात. हे दिवे मुद्दाम ठिसूळ मानेवर उभे केलेले असतात. भरकटलेल्या विमानाचे चाक लागलेच, तर दिवा मोडावा, विमान मोडू नये, हा त्यामागील विचार.

दुसरा प्रकार रुतवलेल्या दिव्यांचा. विमानतळावरील कर्मचारी त्यांना ‘इनसेट लाइट’ म्हणतात. येथे विचार नेमका उलटा होतो. हा दिवा मोडून चालतच नाही, कारण चाकाच्या वाटेवर असणे हेच त्याचे काम. धावपट्टीच्या मध्यरेषेवरील, विमान टेकते त्या पट्ट्यातील, टॅक्सी मार्गाच्या मध्यरेषेवरील आणि धावपट्टीच्या तोंडाशी ‘थांबा’ सांगणारे लाल दिवे याच जातीचे. ज्या विमानतळावर मध्यरेषेचे दिवे नसतात, तेथेही कडेचे काही दिवे रुतवावेच लागतात. टॅक्सी मार्ग जेथे धावपट्टीला मिळतो, किंवा टोकाशी विमान वळवण्यासाठी जेथे पट्टी रुंद केलेली असते, तेथे कडेची ओळ चाकांच्या वाटेतच येते. समांतर टॅक्सी मार्ग नसलेल्या लहान विमानतळांवर तर प्रत्येक विमान धावपट्टीवरूनच मागे येते आणि टोकाशी पूर्ण वळसा घेते. तेथील दिवे सर्वाधिक मार खातात.

मोठ्या विमानतळांवरील संख्या पाहिली की या कामाचा आवाका कळतो. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. एवढ्या लांबीवर मध्यरेषेचे दिवे तीस मीटर अंतराने बसवायचे म्हटले तरी सुमारे ११५ दिवे होतात. पंधरा मीटर अंतराने बसवले तर त्याच्या दुप्पट. विमान टेकण्याच्या पट्ट्याची लांबी ९०० मीटर धरली जाते. तेथे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन दिव्यांच्या आडव्या ओळी दर तीस मीटरवर घातल्यास आणखी १८० दिव्यांची भर पडते. टॅक्सी मार्गांचे दिवे वेगळेच.

रंगांची भाषा

या दिव्यांना रंगांची ठरलेली भाषा आहे आणि वैमानिकाला ती शब्दांशिवाय वाचता यावी लागते. धावपट्टीची सुरुवात हिरव्या ओळीने, शेवट लाल ओळीने. मध्यरेषा पांढरी, मात्र शेवटचे ९०० मीटर उरले की लाल आणि पांढरे दिवे आलटून पालटून येऊ लागतात आणि शेवटच्या ३०० मीटरमध्ये केवळ लाल उरतात. धुक्यात किंवा मुसळधार पावसात उतरणाऱ्या वैमानिकाला पुढे किती पट्टी शिल्लक आहे, हे या रंगांवरूनच समजते. टॅक्सी मार्गाची मध्यरेषा हिरवी, कडा निळ्या. ‘हिरव्याच्या मागे चला’ एवढी साधी ही सूचना असते.

साधी सूचना चुकीच्या ठिकाणी नेते तेव्हा काय होते, हे ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री तैवानमधील तैपेई येथे दिसले. वादळ जवळ येत होते, पाऊस कोसळत होता. सिंगापूर एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानाला डावीकडील धावपट्टीवरून उड्डाण करायचे होते. तिच्या अलीकडे तिला समांतर असलेली धावपट्टी दुरुस्तीसाठी अंशतः बंद होती. टॅक्सी मार्गावरून बंद धावपट्टीकडे वळणाऱ्या वाटेवर हिरव्या दिव्यांची दाट ओळ होती. साडेसात मीटर अंतराने सोळा दिवे. सरळ पुढे, योग्य धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर मात्र अवघे चार दिवे होते, तेही दूरदूर. त्या चारांतील एक बंद पडलेला होता आणि एक अंधुक जळत होता. विमान दाट ओळीच्या मागे वळले, बंद धावपट्टीवर वेग घेऊ लागले आणि बांधकामाच्या यंत्रसामग्रीवर आदळले. १७९ जणांपैकी ८३ जण मृत्युमुखी पडले. अपघाताची कारणे अनेक होती आणि वैमानिकांच्या चुका त्यात प्रमुख होत्या. तरी बंद पडलेला एक दिवा आणि दूरदूर बसवलेले चार दिवे यांची नोंद चौकशीत झालीच.

चाकाचा भार

आता प्रश्न असा, की चाकाखाली येणाऱ्या दिव्यावर भार किती पडतो? सोलापूर-पुणे महामार्गावर रस्त्यात बसवलेली परावर्तक बटणे सर्वांच्या परिचयाची आहेत. मालमोटारींच्या चाकांखाली त्यांतील कित्येक उखडतात आणि रस्त्याच्या कडेला पडलेली दिसतात. मालमोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारण शंभर ते सव्वाशे पौंड प्रति चौरस इंच असतो. गोव्याच्या मार्गावर वापरल्या जाणाऱ्या एटीआर ७२ जातीच्या विमानाच्या टायरचा दाबही त्याच पट्ट्यात येतो. एअरबस ए-३२० चा मात्र दोनशे पौंडांच्या आसपास, आणि बोइंग ७७७ च्या मोठ्या विमानाचा त्याहूनही अधिक. मोटारगाडीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा असते, हे लक्षात घेतले की फरक ध्यानात येईल.

ए-३२० विमानाचे उड्डाणावेळचे वजन ७८ टनांच्या घरात जाते. त्यातील सुमारे ९५ टक्के भार मुख्य चार चाकांवर असतो. म्हणजे एका चाकावर साडेअठरा टन. हा भार टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागावर पसरतो आणि तेथील सरासरी दाब टायरमधील हवेच्या दाबाइतकाच असतो. आठ इंच व्यासाच्या दिव्याचा माथा सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटरचा. टायर त्यावर पूर्ण आला तर केवळ त्या माथ्यावर साडेचार टनांच्या आसपास वजन येते. बारा इंची दिव्यावर ते दहा टनांपर्यंत जाते. शिवाय दिवा पृष्ठभागाच्या किंचित वर उठलेला असेल तर टायर त्या उंचवट्यावर अधिक जोर देतो.

उभा भार सोसणे हे तुलनेने सोपे काम आहे. ओतीव किंवा घडीव ॲल्युमिनियमचे जाड कवच आणि त्याखाली पक्का आधार दिला की ते निभते. अवघड असतो तो आडवा भार. उतरलेले विमान ब्रेक लावते तेव्हा टायर दिव्याला पुढे ढकलतो. वेग घेताना आणि वळताना वेगवेगळ्या दिशांना ओढतो. टायर आणि धातू यांच्यातील घर्षणाचा गुणांक अर्धा जरी धरला, तरी आठ इंची दिव्यावर दोन टनांहून अधिक आडवी ओढ बसते. विमान टोकाशी जागच्या जागी वळते तेव्हा तर टायर दिव्याला चावीसारखा पिळतो. हे सारे सेकंदाच्या छोट्याशा अंशात घडते आणि दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे घडत राहते.

म्हणून दिव्याची उंची हा पहिला वादाचा मुद्दा. प्रकाश जमिनीला जवळजवळ समांतर फेकायचा तर काच थोडी तरी वर हवी. चाकाला अडखळा नको म्हणून ती शक्य तितकी खाली हवी. जुन्या पिढीतील रुतवलेले दिवे पृष्ठभागाच्या वर इंचभर येत. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या वर्गीकरणात सर्वांत बुटक्या दिव्याला सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पाव इंचाची मर्यादा आहे; मधल्या वर्गाला अर्ध्या इंचाची. एवढ्या फटीतून प्रकाश बाहेर काढण्यासाठी आत लोलक बसवलेला असतो. खालून आलेला किरण लोलकात वळतो आणि क्षितिजापासून थोडासा वर उचलून बाहेर पडतो. लोलकासमोर धातूत एक उतरती चर कोरलेली असते. हीच चर पावसाचे पाणी, धूळ आणि टायरचे काळे रबर साठवण्याची जागा ठरते. दिव्याचा जो भाग प्रकाशासाठी अत्यावश्यक, तोच घाणीसाठी सर्वांत सोयीचा, अशी ही पंचाईत आहे.

बोल्टची गोष्ट

आणि तरीही, या क्षेत्रातील जाणकारांना विचारले तर ते काच किंवा दिव्याविषयी नव्हे, तर बोल्टविषयी बोलू लागतात. अमेरिकी प्रशासनाने तर रुतवलेल्या दिव्यांच्या बोल्टवर स्वतंत्र अभियांत्रिकी टिपण काढले आहे.

दिवा जमिनीत पुरलेल्या लोखंडी डब्याच्या तोंडावर बसतो आणि आकारानुसार दोन ते सहा बोल्टनी आवळलेला असतो. हे बोल्ट दिव्याला आडवे सरकण्यापासून थेट अडवत नाहीत, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. बोल्टचे खरे काम दिवा आणि डबा एकमेकांवर घट्ट दाबून धरणे. त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण आडव्या ओढीला तोंड देते. दाब पुरेसा असेल तर दिवा तसूभरही हलत नाही आणि बोल्टला आडवा धक्का बसतच नाही. दाब कमी पडला की दिवा केसभर सरकतो, परत येतो, पुन्हा सरकतो. येथून नाशाला सुरुवात होते.

जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. बोल्ट सैल होण्यास त्याच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे कितीतरी अधिक कारणीभूत असतात. आडवी हालचाल होताना आट्यांमधील घर्षण क्षणभर नाहीसे होते आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. गॅरेजमध्ये सर्रास वापरले जाणारे स्प्रिंग वॉशर या चाचणीत फारसे उपयोगी ठरत नाही. त्यामुळे अशा दिव्यांसाठी दोन तुकड्यांचे, पाचरीच्या आकाराचे दाते असलेले वॉशर पुढे आले. त्यांच्या दात्यांचा चढ बोल्टच्या आट्यांच्या चढापेक्षा अधिक असतो; बोल्ट उलटा फिरू पाहील तर वॉशर त्याला वर उचलतो आणि अधिकच ताण देतो.

दुसरी अडचण बोल्ट आवळण्यातील. ठरलेला जोर देणारा टॉर्क रेंच वापरला म्हणजे काम अचूक झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात आवळताना लावलेल्या जोरापैकी सुमारे दहा टक्केच बोल्टमधील ताणात रूपांतरित होतो. उरलेला सारा बोल्टच्या डोक्याखालील आणि आट्यांमधील घर्षणात खर्ची पडतो. आट्यांत वाळूचा कण असेल, गंज असेल किंवा वंगण लावायचे राहिले असेल, तर तोच रेंच तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र निम्माही ताणलेला नसतो. उलट वंगण अधिक झाले तर बोल्ट ताणून तुटण्याची वेळ येते. गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत, तर ते आवळताना आट्यांतच चिकटून बसण्याचा धोका असतो. साधे उच्च ताकदीचे पोलाद वापरावे, तर गंजाचा प्रश्न येतो. त्यावर लेप दिलेल्या पोलादी बोल्टचा मार्ग अमेरिकेत सुचवला गेला. दिव्याचे कवच ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादी. पावसाचे पाणी मध्ये आले की दोन धातूंमध्ये छोटीशी विद्युतघटाची क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

सैल बोल्टचा परिणाम केवळ दिवा बंद पडण्यापुरता नसतो. उखडलेला दिवा किंवा नुसता सुटा बोल्ट धावपट्टीवर पडला, तर तो पुढच्या विमानासाठी घातक ठरतो. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड विमान कोसळून ११३ जणांचा बळी गेला. त्याआधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची सुटून पडलेली, अर्ध्या मीटरहूनही लहान धातूची पट्टी कॉन्कॉर्डच्या टायरखाली आली होती. ती पट्टी दिव्याची नव्हती. पण धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या तुकड्याची किंमत काय असू शकते, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

ऊन, पाणी आणि काळी माती

परदेशी उत्पादकांच्या माहितीपत्रकांत त्यांचा दिवा बर्फ खरवडणाऱ्या यंत्राच्या पात्याला कसा टिकतो, याचे वर्णन ठळकपणे असते. सोलापुरात त्याचा उपयोग नाही. येथे कसोटी उन्हाची आणि धुळीची. एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, तेव्हा डांबरी पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत तापतो. डांबर मऊ पडते आणि जड चाकाखाली किंचित सरकते. दिव्याचा डबा त्यात नुसता बसवलेला असेल तर तोही कलतो. यासाठी डब्याभोवती काँक्रीट किंवा विशेष राळेचा भराव घालून तो खालच्या पक्क्या थराशी जखडावा लागतो. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दिवस-रात्रीच्या फरकानेही बोल्टमधील ताण कमी-जास्त होत राहतो.

सोलापूर जिल्ह्यातील काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्यांना सांगायला नको. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. धावपट्टीखालील मातीवर खडी-मुरमाचे जाड थर असतात हे खरे; परंतु कडेला, जेथे थर संपतात आणि जेथून दिव्यांच्या केबलचे नळ जातात, तेथे मातीची ही हालचाल जाणवते. नळाचा सांधा उघडला की पाणी थेट डब्यात उतरते. जिल्हा पर्जन्यछायेत असला तरी परतीचा पाऊस काही तासांत काय करू शकतो, हे १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने दाखवले आहे. म्हणूनच डब्याच्या तळातून पाण्याला वाट ठेवणे हे दिव्याच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे. बुडाला तरी दिव्याच्या आत पाणी शिरू नये, अशी अट असते; पण रबराची गोल कडी एकदा चिमटली गेली की ती अट कागदावर राहते. काचेच्या आत दव धरते आणि दिवा जळत असूनही दिसेनासा होतो.

उष्णतेची आणखी एक अट मोठी मासलेवाईक आहे. विमान टॅक्सी मार्गावर थांबले आणि त्याचे चाक नेमके जळत्या दिव्यावरच राहिले, तर? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे ‘इकाओ’ने, याचे उत्तर आकड्यात दिले आहे. चाक दहा मिनिटे दिव्यावर उभे राहिले तरी टायर आणि दिवा यांच्यातील तापमान १६० अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये. हॅलोजन दिव्यांच्या काळात ही अट पाळणे जड जाई. एलईडी आल्यापासून तो प्रश्न बराच सुटला. हॅलोजनचा दिवा हजार-दीड हजार तास चालत असे, तर एलईडीचे आयुष्य पन्नास हजार तासांपर्यंत सांगितले जाते. म्हणजे रात्री धावपट्टीवर जाऊन दिवे बदलण्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मात्र हॅलोजनची उष्णता काचेवरचे दव वाळवत असे, ती सोय गेली. आणि दिवा बदलण्यासाठी कवच उघडले जाई तेव्हा बोल्टही आपसूक तपासले जात. दिवा वर्षानुवर्षे उघडावाच लागत नाही, तेव्हा बोल्टकडे कोण पाहणार, हा नवाच प्रश्न उभा राहिला.

वीजपुरवठ्याची रचनाही घरातील दिव्यांसारखी नसते. सारे दिवे एकाच माळेत जोडलेले असतात आणि माळेतून कमाल ६.६ अँपिअरचा स्थिर प्रवाह वाहतो. त्यामुळे दोन किलोमीटर दूरचा दिवाही जवळच्या इतकाच तेजस्वी राहतो. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते. येथे तसे होऊ नये म्हणून प्रत्येक दिव्याला डब्यात स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर दिलेला असतो. शिवाय एकाआड एक दिवे दोन वेगळ्या माळांवर घेतात. एक माळ गेली तरी अर्धी ओळ उजळलेली राहते. नियंत्रण कक्षातून तेज पाच टप्प्यांत कमी-जास्त करता येते, कारण धुक्यात उपयोगी पडणारा प्रखर दिवा निरभ्र रात्री वैमानिकाचे डोळे दिपवतो.

खड्डा खणण्यातील नेमकेपणा

उत्तम दिवा आणला आणि वाईट बसवला, तर उपयोग नाही. डांबरी धावपट्टीत गोल कापणी यंत्राने भोक पाडून डबा बसवतात. त्याची दिशा एक अंशाने चुकली तर तीनशे मीटरवर प्रकाशाचा झोत पाच मीटर बाजूला पडतो. दिव्याची कडा पृष्ठभागाच्या वर राहिली तर प्रत्येक चाक तिला ठोकर देते. फार खाली गेली तर तेथे पाणी साचते. दोन्हींतील मोकळीक मिलिमीटरमध्ये मोजायची. ती साधण्यासाठी डब्याच्या तोंडावर पातळ कड्या घालून उंची जुळवतात.

याच कड्या पुढे धावपट्टीचे नवे डांबरीकरण होते तेव्हा पुन्हा कामी येतात. नवा थर चढला की सगळे दिवे खड्ड्यात जातात. मग दिवे काढून डबे झाकायचे, वरून डांबर पसरायचे, मोजमापाने डब्याचे मध्य पुन्हा शोधून तेवढेच भोक कापायचे आणि कड्या वाढवून दिवा नव्या पातळीवर आणायचा. हे सर्व विमाने उडत नसतील त्या वेळेत. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर धावपट्टीच्या कामासाठी २६ ऑक्टोबर २०२० पासून रात्रीची उड्डाणे बंद ठेवावी लागली आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात तर विमानतळच पूर्ण बंद राहिला. प्रवाशांनी तेव्हा बरीच कुरकुर केली; ती स्वाभाविकच होती. पण धावपट्टीचे काम म्हणजे रस्त्यावरचे डांबर नव्हे, हे त्यातून दिसले.

निगा कोण राखणार

इकाओच्या परिशिष्ट १४ मध्ये निगेचे निकषही आकड्यांत दिलेले आहेत आणि भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम त्यालाच धरून आहेत. दिव्याचे तेज ठरलेल्या मूल्याच्या निम्म्याखाली गेले की तो जळत असला तरी बंदच समजायचा. अतिशय कमी दृश्यमानतेत विमाने उतरवायची असतील तर धावपट्टीच्या मध्यरेषेचे ९५ टक्के आणि टेकण्याच्या पट्ट्यातील ९० टक्के दिवे चालू हवेत. साध्या उपकरण-अवतरणासाठी ही मर्यादा ८५ टक्के आहे. ‘थांबा’ सांगणाऱ्या लाल ओळीत दोनपेक्षा अधिक दिवे बंद असता कामा नयेत, आणि शेजारशेजारचे दोन तर नाहीच, जोपर्यंत दिव्यांतील अंतर फारच कमी नसेल.

या लाल ओळीची चर्चा २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावरील अपघातानंतर पुन्हा झाली. तटरक्षक दलाचे विमान परवानगीविना धावपट्टीवर आले आणि उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान त्याच्यावर आदळले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण बचावले. तटरक्षक विमानातील सहांपैकी पाच जण दगावले. तेथील लाल दिवे त्या काळात दुरुस्तीसाठी बंद होते. ते चालू असते तर अपघात टळला असता, असे मात्र सरळ म्हणता येत नाही; कारण त्या विमानतळावर हे दिवे मुख्यतः कमी दृश्यमानतेतच लावण्याची पद्धत होती आणि त्या संध्याकाळी हवा स्वच्छ होती. यंत्रणा असणे आणि ती वापरण्याचा नियम असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिव्यांचे तेज मोजण्यासाठी मोठ्या विमानतळांवर गाडीमागे जोडलेले मोजणी यंत्र ओळीवरून फिरवतात आणि प्रत्येक दिव्याची नोंद होते. रबराचा थर काढण्यासाठी काचेवर मऊ भुकटीचा मारा करतात. कठीण वाळू वापरली तर काचच घासली जाते. बोल्ट टॉर्क रेंचने ठरावीक काळाने तपासायचे आणि दिवा बसवल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत एकदा आवर्जून पुन्हा आवळायचे, कारण नवे सांधे बसताना ताण उतरतो. एकदा सैल झालेला बोल्ट पुन्हा आवळण्याऐवजी बदलावा, असा शहाणपणाचा संकेत आहे.

मुंबईत पावसाळा संपला की दोन्ही धावपट्ट्या एका दिवशी काही तासांसाठी बंद ठेवल्या जातात. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी ११ ते सायंकाळी ५ असे सहा तास हे काम चालले आणि त्यात दिव्यांचाही समावेश होता. वर्षभर अखंड विमाने उतरणाऱ्या या विमानतळाला सहा तास मिळवण्यासाठी कित्येक महिने आधी वेळापत्रक आखावे लागते. सोलापूरसारख्या विमानतळावर दोन विमानांमध्ये तासन्‌तास मोकळे मिळतात. तेथे वेळेची टंचाई नाही. तेथे विचार करावा लागेल तो वेगळ्या गोष्टींचा : रात्रीच्या उड्डाणांची परवानगी घेताना दिव्यांच्या खरेदीबरोबर राखीव दिवे, कड्या, वॉशर आणि लेप दिलेले बोल्ट यांचीही तरतूद केली आहे काय, मोजमाप केलेला टॉर्क रेंच आणि तो कसा वापरावा हे शिकलेला तंत्रज्ञ कायम जागेवर राहणार आहे काय, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर प्रत्येक डबा उघडून त्यातील पाणी पाहण्याचे काम निविदेत लिहिले आहे की नाही.